‘गॅस संपला असन’ म्हणण्याआधी : नागपूरच्या उन्हात मोठ्या एसीची देखभाल

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास फोन आला की पलीकडचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय. “भाऊ, एसी थंड नाही करून राहिला. गॅस संपला असन, भरून देता का?” सीताबर्डीचं दुकान असो, रामदासपेठेतला दवाखाना असो, की बुटीबोरीतल्या कारखान्याचं ऑफिस, निदान फोनवरच झालेलं असतं. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो.

वीस-बावीस वर्षं मी नागपुरात हेच काम करतोय. छतातले कॅसेट, डक्टवाले एसी, गच्चीवर रांगेनं उभी असलेली व्हीआरएफची (बाहेरच्या युनिटवर आतली अनेक युनिटं चालवणारी) युनिटं, काही ठिकाणी चिलर प्लांट, म्हणजे पाणी गार करून ते इमारतभर फिरवणारी यंत्रणा. या लेखातून कुणी एसी दुरुस्त करायला शिकावं असं मला अजिबात वाटत नाही, उलट मशीनचं झाकण उघडण्याआधी माणसानं दहा वेळा विचार करावा असंच वाटतं. पण ज्यांच्या दुकानात, हॉलमध्ये, शाळेत असे एसी चालतात त्यांना आत काय चाललंय ते समजायला हवं. आलेला मेकॅनिक मन लावून काम करतोय की नुसतं पाणी मारून बिल फाडतोय, हे ओळखता यायला हवं. आणि या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांनी काही गोष्टी दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकाव्यात, स्वतःच्या हातावर नव्हे.

मोट आणि विहीर

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, एवढंच त्याचं काम. विहिरीतून पाणी उपसणारी मोट डोळ्यांसमोर आणा. पाणी जितकं खोल, तितके बैल दमणार. खोली २४ अंशांवर ठेवायची आणि बाहेर ३४ अंश असेल, तर विहीर दहा हात खोल. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४६ असतं, म्हणजे तीच विहीर बावीस हात खोल झाली. मशीन तेच, बैल तेच. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ती सावलीतल्या हवेची. तापलेल्या स्लॅबवर आउटडोर युनिट जी हवा आत ओढतं ती याहूनही गरम असते.

उष्णता उचलण्याचं काम गॅस करतो. माठातलं पाणी का गार होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. एसीतला गॅस हेच करतो, फक्त तो बंद नळीत फिरतो, त्यामुळे उडून जात नाही. घरातल्या कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळतो आणि खोलीची उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, पंख्याच्या हवेनं तो ती उष्णता सोडतो आणि पुन्हा द्रवरूप होतो. मग एका बारीक वाटेतून त्याचा दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू.

इथली मेख अशी, की उष्णता गरम वस्तूकडून गारेकडेच जाते. बाहेरची हवा ४६ अंश असेल तर कंडेन्सरमधला गॅस त्याहून बराच तापलेला, ५८-६० अंशांवर लागतो. आर-४१०ए गॅस ६० अंशांवर द्रव होत असताना नळीत साधारण ५४० पौंडांचा दाब असतो. तुमच्या गाडीच्या चाकात ३०-३२ पौंड हवा असते, त्यावरून अंदाज करा. बाहेर ३५ अंश असताना हाच दाब चारशेच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या गावात एसी मुळातच कडेलोटाच्या जवळ चालतो. त्यात कंडेन्सरवर धुळीचा थर बसला, की तो कडा ओलांडतो.

‘टन’ म्हणजे काय, हेही खूप जण विचारतात. त्याचा मशीनच्या वजनाशी काही संबंध नाही. जुन्या काळी थंडावा बर्फाच्या लाद्यांनी मोजत. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता पितो तितकी उपसणारं मशीन एक टनाचं. आजच्या हिशेबात साडेतीन किलोवॅट. पण पाटीवरचा हा आकडा मशीन ३५ अंशांच्या बाहेरच्या हवेत तपासून लिहिलेला असतो. आपल्या मे महिन्यात तेच मशीन त्याहून कमी उपसतं. दुकानासाठी टनेज काढताना हे धरलं नसेल, तर नंतर कितीही सर्व्हिसिंग केलं तरी दुपारी तीनला ते पुरं पडणार नाही.

एकाच दुकानात तीनदा गॅस

बर्डीवरच्या एका कपड्याच्या दुकानातली गोष्ट. तीन टनांचे दोन कॅसेट. मालक वैतागलेला, कारण त्या उन्हाळ्यात तीनदा गॅस भरून झाला होता आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. मी आधी गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचा काटा, लावलाच नाही. कॅसेटची जाळी खाली घेतली. कपड्यांच्या ठाणातून उडणारं बारीक सूत आणि रस्त्याची धूळ मिळून जाळीवर करड्या रंगाची जाड गोधडी झाली होती. बोटानं उचलली तर अखंड निघाली. मागच्या गॅलरीत गेलो तर दोन्ही आउटडोरच्या तोंडासमोर हातभर अंतरावर दुकानाचा नवा फ्लेक्स बोर्ड. युनिटनं बाहेर फेकलेली गरम हवा बोर्डावर आपटून परत त्याच युनिटमध्ये शिरत होती. बाहेर ४४ अंश, पण युनिटच्या पाठीमागे थर्मामीटर ५३ दाखवत होता.

आता गॅस का भरला जात होता ते बघा. जाळी तुंबली, की घरातल्या कॉइलवरून हवा कमी वाहते. गॅसला पुरेशी उष्णता मिळत नाही, सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचा, दाब उतरतो, कॉइलवर बर्फ धरतो. गॅस खरोखर कमी असला तरी सक्शनचा दाब उतरतो आणि बर्फ धरतो. एकच गेज बघणाऱ्याला दोन्ही आजार सारखेच दिसतात. तो गॅस टाकतो, काटा थोडा चढतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण आता मशीनमध्ये गॅस जास्त झाला. दुपारी बाहेरच्या कॉइलमधला दाब आणखी चढतो, अँपिअर वाढतात, हाय प्रेशरचा कटआउट, म्हणजे दाब फार चढला की मशीन बंद करणारा स्विच, ट्रिप होतो. मग पुन्हा फोन.

त्या दुकानात आम्ही जाळ्या धुतल्या, दोन्ही कॉइल साफ केल्या, बोर्ड सरकवायला लावला, जास्तीचा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि वजनकाट्यावर मोजून जेवढा कंपनीच्या पाटीवर लिहिला होता तेवढाच ठेवला. नवीन एक ग्रॅमही टाकला नाही.

गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळीत दहा वर्षं फिरला तरी तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून टाकलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. म्हणून कुणी “गॅस कमी आहे” म्हणाला, तर त्याला एकच विचारा: “लीक कुठे आहे?” नळीच्या सांध्यावर तेलाचा डाग दिसतो, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात. ते दाखवता आलं पाहिजे. जागा सापडली, जोड पक्का झाला, की नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघायचं, मग व्हॅक्यूम पंपानं नळीतली हवा आणि ओल काढायची, पाचशे मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली नेऊन पंप बंद करून काटा परत चढतो का बघायचा, आणि शेवटी वजन करून गॅस. यात अर्धा दिवस जातो. वीस मिनिटांत गॅस भरून गेलेल्या माणसानं यातलं काय केलं असेल ते तुम्हीच ठरवा.

धूळ, पाणी आणि कॉइल

नागपूरची धूळ ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी बाब. कोरडं हवामान, रस्त्यांची आणि बांधकामांची माती, औष्णिक केंद्रांच्या पट्ट्यातली राख, एमआयडीसीतला भुकटा. होळीनंतर घरोघरी कूलर बाहेर निघतात, ताट्या बदलतात, टाकी घासतात. कूलरची ही काळजी आपल्या हाडामासात आहे. एसीच्या बाबतीत मात्र आपण पहिला उकाडा होईपर्यंत थांबतो. मोठी सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच उरकावी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, मशीन उघडलं, तर मेकॅनिक घाईत असतो, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत आणि तुमचे गिऱ्हाईक घामाघूम बसलेले असतात.

जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवावी. हे काम दुकानातला माणूस करू शकतो, मात्र मेन स्विच बंद करून, आणि जाळी पुरती वाळल्यावरच परत लावून. कापड, पीठ, लाकूड यांचं काम असेल तिथे दर आठवड्याला.

कॉइलचं काम शिकलेल्या माणसाचं. अ‍ॅल्युमिनिअमच्या पात्या कागदाइतक्या पातळ असतात. गाडी धुण्याचा प्रेशर पंप जवळून मारला की त्या आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची अर्धी होते. पाणी मारायचं ते आतून बाहेर, म्हणजे हवा ज्या दिशेनं आत येते तिच्या उलट. बाहेरून मारलं तर धूळ आणखी आत जाऊन चिखल होतो आणि तो वाळून विटेसारखा बसतो. फेस येणारं केमिकल वापरायचं तर हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण काहींत तीव्र क्षार असतो, काहींत आम्ल. आम्लाचं केमिकल आणि ब्लीचिंग कधीच एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

उन्हाळ्यात बरेच जण आउटडोरवर पाइपनं पाणी सोडून ठेवतात. तात्पुरता फरक पडतो, हे खरं. पण बोअरचं जड पाणी कॉइलवर वाळत राहतं आणि पांढरा क्षार सोडतं. दोन उन्हाळ्यांत पात्या गंजतात. शिवाय आत विजेची जोडणी आहे. सावली करायची असेल तर हिरवी जाळी उंचावर, चारही बाजूंनी हवा खेळेल अशी बांधा. युनिटला गुंडाळू नका.

ज्यांच्याकडे चिलर आणि कूलिंग टॉवर आहे त्यांची गोष्ट वेगळी. टॉवर कूलरच्याच तत्त्वावर चालतो. पाणी वाफ होताना उरलेलं पाणी गार होतं. हवा ४५ अंश असली तरी ती इतकी कोरडी असते, की थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलं तर तो २३-२४ च दाखवतो. म्हणून आपल्या मे महिन्यात टॉवर चांगला चालतो आणि जुलैच्या दमट हवेत कुरकुरतो. नवीन ऑपरेटर याने गोंधळतात, ऊन उतरलं तरी पाणी गरम का येतंय म्हणून. पण वाफ होऊन उडालेल्या पाण्याचे क्षार टॉवरमध्येच मागे राहतात. ठरावीक पाणी सोडून देऊन नवं घेतलं नाही, तर कंडेन्सरच्या नळ्यांत खडू बसतो. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतूही वाढतो. त्याचे तुषार श्वासातून गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. टॉवरची टाकी धुणाऱ्या माणसाला मास्क द्या, आणि दवाखान्याच्या ताज्या हवेच्या तोंडाजवळ टॉवर असेल तर ती रचनाच बदला.

सेन्सरबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं तपासून सांगितलं, की सेन्सरमध्ये बिघाड होता. एसीतही तोच प्रकार घडतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट काचेतून येणाऱ्या उन्हात लावलेला असतो, कॅसेटमधला सेन्सर धुळीनं माखलेला असतो, आणि मशीन खोट्या आकड्यावर पळत राहतं. म्हणून आमच्या पिशवीत स्वतंत्र थर्मामीटर असतो. आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक मिळाला, तर मशीन आपलं काम करतंय. मग प्रश्न खोलीचा: काच किती, माणसं किती, दार किती वेळा उघडतं.

बंद केलेलं मशीनही झटका देतं

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे.

आमच्याकडे एक पोरगा होता, कामात हुशार. आउटडोर उघडताना त्यानं एमसीबी खाली केला, टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मग कॅपॅसिटरची वायर काढायला हात घातला आणि मागे फेकला गेला. गच्चीच्या कठड्याला पाठ आदळली म्हणून वाचला. कठडा नसता तर खाली दोन मजले होते. कॅपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. नळ बंद केला तरी टाकीत पाणी असतंच, तसं मेन बंद केल्यावरही त्यात वीज उरते. ती मोठ्या ओहमच्या रेझिस्टरमधून उतरवायची, मीटर लावून शून्य बघायचं, मगच हात लावायचा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी उडवणं ही सवय वाईट. कॅपॅसिटर फुटतो, डोळ्यात जातो.

इन्व्हर्टर मशीनमध्ये धोका आणखी मोठा. तीन फेजच्या युनिटमध्ये वीज आधी डीसी केली जाते आणि त्या बाजूला साडेपाचशे व्होल्टच्या वर दाब असतो. युनिटवर ‘मेन बंद करून दहा मिनिटं थांबा’ असं स्टिकर असतं. कंपनीनुसार मिनिटं बदलतात. ती दहा मिनिटं खरोखर थांबायची. आमच्याकडे तेवढ्यात चहा होतो. त्यानंतरही मीटर लावायचाच.

दुसरी गोष्ट कुलूप. गच्चीवर माणूस काम करतोय आणि खाली शोरूममधला कुणी “एसी काहून बंद आहे?” म्हणत एमसीबी वर करतो. असं होतं. वर्षातून एकदा तरी माझ्या कानावर येतं. उपाय स्वस्त आहे: आयसोलेटर, म्हणजे त्या युनिटची वीज तोडणारा स्वतंत्र स्विच, बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि पाटी अडकवायची की माणूस कामावर आहे. तीन माणसं काम करत असतील तर तीन कुलपं. मीटरसुद्धा आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू लाइनवर. नाहीतर मीटरचाच सेल संपलेला असतो आणि तो शून्य दाखवतो.

मालकांना विनंती आहे, की आयसोलेटर युनिटजवळ, हाताच्या अंतरावर बसवून घ्या. चार मजले खाली असलेल्या पॅनेलवर भरवसा ठेवून वर काम करायला लावणं बरोबर नाही.

आगीचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं. टर्मिनलचा स्क्रू सैल झाला, की तिथे वायर तापते, इन्शुलेशन काळं पडतं, आणि एक दिवस पेटते. वर्षातून दोनदा सगळ्या जोडण्या घट्ट करणं हे सर्व्हिसिंगमधलं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात मोलाचं काम. एप्रिल २०२१ मध्ये नागपूरजवळच्या वाडीतल्या एका खासगी रुग्णालयाला आग लागली, रुग्ण दगावले. आग अतिदक्षता विभागातल्या एसीपासून सुरू झाल्याचं तेव्हा अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. ती बातमी आल्यापासून दवाखान्याचं काम असलं की मी टर्मिनल बॉक्स स्वतः उघडून बघतो.

आणि ट्रिप होणारा कटआउट कुणी वायर टाकून ‘डायरेक्ट’ करून देत असेल, तर त्याला हात जोडून परत पाठवा. हाय प्रेशरचा कटआउट, ओव्हरलोड, फेजचा रिले हे मशीनचे पहारेकरी आहेत. महावितरणनं खांबावर काम केल्यावर कधी दोन फेज उलटे जोडले जातात. स्क्रोल कॉम्प्रेसर मग उलटा फिरतो, खडखडाट करतो आणि थंडावा शून्य. फेजचा रिले जागेवर असला, तर मशीन सुरूच होत नाही आणि लाखभराचा कॉम्प्रेसर वाचतो.

दाब, ज्वाला आणि नवे गॅस

नळीचा दाब तपासायला फक्त कोरडा नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावून. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन हजार पौंडांच्या वर दाब असतो, थेट जोडला तर कॉइल बॉम्बसारखी फुटते. ऑक्सिजन तर कधीच नाही. वेल्डिंगचा सिलिंडर शेजारी असतो म्हणून कुणी त्यानंच दाब भरतो. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. त्यात माणसं मेली आहेत.

नळीत गॅस असताना तिला ज्वाला लावायची नाही. आर-२२ आगीतून गेला की फॉस्जीनसारखे विषारी वायू निघतात. डोळ्यांत, घशात एकदम झोंबलं, की सगळं सोडून मोकळ्या हवेत यायचं. द्रव गॅस हातावर उडाला तर भाजल्यासारखी जखम होते, कारण आर-३२ उणे ५२ अंशांना उकळतो. तळघरातल्या प्लांट रूममध्ये गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो आणि श्वासाची हवा बाजूला सारतो. एकट्यानं आत जायचं नाही.

गॅस बदलत चालले आहेत, त्यामागचं कारण थोडक्यात सांगतो. आर-२२ ओझोनच्या थराला छेद देतो, म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार तो जगभर मागे घेतला जातोय. भारतात १ जानेवारी २०२५ पासून त्या जातीच्या गॅसवर चालणारी नवी उपकरणं बनवायला बंदी आहे. जुन्या मशीनच्या दुरुस्तीपुरता तो अजून मिळतो. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो हवेत सुटला तर दोन हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणून आता आर-३२, ज्याचा हाच आकडा ६७५ आहे. आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, त्याचा अगदीच किरकोळ.

पण आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. बाजारात काही जण जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये स्वस्त म्हणून हायड्रोकार्बन भरून देतात. दुकानातल्या मोठ्या मशीनमध्ये काही किलो गॅस बसतो. ज्या मशीनचे स्विच आणि रिले ठिणगी उडू नये असे बनवलेलेच नाहीत, त्यात तेवढा प्रोपेन भरणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या डोक्यावर सिलिंडर टांगणं. कोणता गॅस भरला हे बिलावर लिहून घ्या आणि पाटीशी ताडून बघा.

उन्हाचा एक नियम आमच्या गावापुरता. गॅसचा सिलिंडर गच्चीवर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. त्यात द्रव ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण तापल्यावर तो फुगतो. काढून घेतलेला गॅस कुणी काठोकाठ भरून उन्हात विसरला, तर काय होईल हे सांगायला नको.

आणि माणसाचंही तेच. नवतप्यात आम्ही गच्चीवरचं काम सकाळी सहा ते अकरा करतो. दुपारी एक ते चार पत्र्याच्या झाकणाला हात लावला तरी चटका बसतो, पान्हा हातातून निसटतो, माणूस चक्कर येऊन पडतो. तुमच्या दुकानात एसी बंद पडला की तुम्हाला घाई असते, मला कळतं. पण दुपारी दोनला माणूस वर पाठवायचाच असेल, तर त्याला सावली, पाणी आणि सोबत एक माणूस द्या. भिंतीबाहेर लटकलेल्या युनिटवर चढणाऱ्याचा पट्टा इमारतीच्या पक्क्या भागाला अडकवलेला असावा, एसीच्या अँगलला नव्हे.

करार आणि वही

वार्षिक करार करताना किंमत सगळेच विचारतात. त्यापेक्षा, सर्व्हिसिंगनंतर कागदावर काय लिहून देणार, ते विचारा. आमच्या वहीत प्रत्येक मशीनला एक पान असतं: तारीख, बाहेरचं तापमान, आत-बाहेरच्या हवेतला फरक, सक्शन आणि डिस्चार्जचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) दाब, तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर. मार्चमध्ये १४ अँपिअर घेणारा कॉम्प्रेसर तेवढ्याच उकाड्यात १७ घेऊ लागला, की बिघाड व्हायच्या आधीच कळतं. ही वही मालकाकडे राहावी, मेकॅनिक बदलला तरी.

मोठा कॉम्प्रेसर हिवाळाभर बंद असेल तर सुरू करण्याच्या आदल्या दिवशी त्याची वीज चालू करून ठेवा. खालचा हीटर तेलात मुरलेला गॅस उडवतो. तसंच सुरू केलं तर तेल फेसाळतं आणि बेअरिंग कोरडी पडते. आणि रिमोटवर १८ ठेवल्यानं लवकर थंड होत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबानं एक अंश वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. बाहेर ४६ असताना आत २५-२६ आणि सोबत छताचा पंखा, एवढ्यानं गिऱ्हाईक सुखानं बसतं.

शेवटचं काम जूनचं. उन्हाळाभर आपली हवा इतकी कोरडी असते, की कॅसेटच्या ट्रेमध्ये फारसं पाणी पडतच नाही. ड्रेनची नळी वाळते, तिच्यात धूळ आणि शेवाळाची खपली धरते, नळीच्या वळणात अडून राहणारं पाणी आटल्यामुळे कधी गटाराचा वासही खोलीत येतो. कुणाच्या लक्षात येत नाही. मग जूनच्या मध्याला पहिला पाऊस येतो, हवा दमट होते, एका रात्रीत ट्रे भरायला लागतो आणि सकाळी फॉल्स सीलिंगमधून पाणी थेट काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर. मृगाच्या आधी प्रत्येक मशीनचा मेन बंद करून ट्रेमध्ये हळूहळू दोन-तीन लिटर पाणी ओतायला सांगा. कॅसेटला ड्रेन पंप असतो, तिथे पाणी ट्रेमध्ये पडल्यावर वीज चालू करून पंप चालतो का ते बघावं लागेल. एक माणूस आत, एक बाहेर नळीच्या तोंडाशी उभा. पाणी लगेच आलं तर ठीक. थेंब-थेंब आलं, तर ती नळी त्याच दिवशी साफ करून घ्या.